डहाणू-तलासरीचे हादरे आणि जमिनीखालचा पाण्याचा दाब

२०१८ च्या नोव्हेंबरात, भाताची झोडणी चालू असताना, पालघर जिल्ह्यातल्या डहाणू आणि तलासरी तालुक्यांत जमीन हलू लागली आणि पुढे महिनोन्‌महिने हलतच राहिली. धुंदलवाडी, दापचरी, हळदपाडा, चिंचले, इकडे तलासरी, तिकडे बोर्डीपर्यंत लोकांना धक्के जाणवत होते. बहुतेक दोन-तीन रिश्टरचे, अधूनमधून साडेतीनचे. १ फेब्रुवारी २०१९ ला एकाच दिवसात अनेक धक्के बसले. त्यांतला मोठा ४.१ चा होता. त्या दिवशी घाबरून घराबाहेर पळताना पडून दोन वर्षांची एक मुलगी दगावली. लोक थंडीत अंगणात झोपू लागले, प्रशासनाने तंबू दिले, शाळा मंडपाखाली आल्या.

एक मोठा भूकंप आणि त्यामागून विरत जाणारे छोटे धक्के, हा आपल्या ओळखीचा क्रम. इथे तसं काही नव्हतं. लहान-मोठे धक्के मिसळून येत, काही दिवस शांत जात, पुन्हा सुरू होत. मुख्य धक्का असा कुठलाच नाही. याला भूकंपमालिका म्हणतात, आणि अशा मालिका दिसल्या की भूकंपशास्त्रज्ञांच्या मनात पहिली शंका पाण्याची येते. डहाणूबद्दलही अभ्यासकांनी पुढे मांडलेल्या कारणांमध्ये खडकांच्या भेगांतून सरकणारं पाणी हे एक प्रमुख कारण आहे.

गावातल्या लोकांचा प्रश्न साधा होता: हे कशाने होतंय? कुर्झे धरणामुळे? बोअरवेलमुळे? खाणींतल्या सुरुंगांमुळे? हे प्रश्न अडाणी नाहीत. जगात अगदी असेच प्रश्न विचारून त्यांची उत्तरं शोधण्याची एक रीत तयार झाली आहे. ती घडली हायड्रॉलिक फ्रॅक्चरिंगच्या, म्हणजे पाण्याच्या दाबाने खडक फोडून तेल-वायू काढण्याच्या धंद्यात. डहाणू-तलासरीत कुणी फ्रॅकिंग करत नाही. इथे खाली दख्खनचा काळा पाषाण आहे, वायूचा शेल खडक नव्हे. पण पाण्याच्या दाबाने येणाऱ्या भूकंपांचा धोका कसा मोजायचा आणि कसा हाताळायचा, याचा सगळ्यात जास्त अनुभव आज त्या धंद्याला आणि त्याच्यावर नजर ठेवणाऱ्या संस्थांना आहे. त्यातलं डहाणूला काय लागू पडतं आणि काय पडत नाही, ते नीट पाहिलं पाहिजे.

आधी पाणी भूकंप कसा घडवतं ते. खडकात जुनी भेग असते, म्हणजे भ्रंश. तिच्या दोन बाजू एकमेकींवरून सरकू पाहतात, कारण भारतीय भूखंड उत्तरेकडे रेटला जातोय आणि खडकात ताण साठतोय. वरच्या खडकाचं वजन त्या दोन बाजूंना एकमेकींवर दाबून धरतं, त्या दाबातून घर्षण येतं आणि सरकणं अडून राहतं. भरलेली लोखंडी ट्रंक फरशीवरून ढकलताना ती जागची हलत नाही. पण कुणी तिला जरासा वर आधार दिला की तेवढ्याच जोरात ती सरकते. भेगेत शिरलेलं पाणी नेमकं हेच करतं. ते दोन्ही बाजूंना आतून रेटतं, त्यामुळे त्यांच्यातला दाब तेवढा घटतो, घर्षण घटतं. पाण्यामुळे खडक निसरडा होतो असा एक समज आहे, पण खरं काम निसरडेपणाचं नाही, दाबाचं आहे. भूकंपात बाहेर पडणारी ऊर्जाही पाण्याची नसते. ती खडकात आधीच साठलेली असते. पाणी फक्त अडसर काढतं.

अडसर काढायला दाब किती लागतो? पाण्याचा १० मीटर उंच स्तंभ सुमारे १ बार दाब देतो. फ्रॅकिंगमध्ये विहिरीच्या तळाशी शेकडो बार लावतात. पण भ्रंश आधीच सरकण्याच्या बेतात असेल तर दाबात ०.१ बार इतका फरकसुद्धा निमित्ताला पुरतो, असं अनेक ठिकाणच्या नोंदी सांगतात. ०.१ बार म्हणजे १ मीटर पाणी.

हे ज्ञान अपघाताने हाती आलं. अमेरिकेत डेन्व्हरजवळच्या लष्करी रासायनिक कारखान्याने १९६२ मध्ये आपलं दूषित पाणी ३,६७१ मीटर खोल विहिरीत सोडायला सुरुवात केली आणि शहराला धक्के बसू लागले. १९६५ मध्ये डेव्हिड इव्हान्स या भूवैज्ञानिकाने पाण्याचा आणि धक्क्यांचा संबंध जाहीरपणे मांडला. १९६६ च्या फेब्रुवारीत पाणी सोडणं थांबवलं. तरीही सगळ्यात मोठे धक्के आले ते १९६७ मध्ये, काम बंद होऊन वर्ष उलटल्यावर. ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे, तिच्याकडे परत यायचं आहे.

पुढे कोलोरॅडोतच रेंजली इथल्या तेलक्षेत्रात अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाने मुद्दाम प्रयोग केला. १९६९ ते १९७३ या काळात विहिरींतला दाब वाढवायचा, कमी करायचा आणि भूकंप मोजायचे. खडकातला ताण आणि घर्षण मोजून त्यांनी गणिताने काढलं होतं की सुमारे २५७ बारच्या वर दाब गेला की भ्रंश सरकेल. तसंच झालं. दाब त्यावर गेला की धक्के, खाली आला की शांतता. माणसाने भूकंप चालू-बंद करून पाहिले, तेही आधी गणित मांडून.

यातला खडकातला ताण मोजण्याचा भाग आपल्या जवळचा आहे, कारण महाराष्ट्रात तो झाला आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेत ६.३ चा भूकंप झाला, सुमारे १८० माणसं गेली. १०३ मीटर उंच धरणात १९६२ पासून पाणी साठू लागलं होतं. तेव्हापासून त्या टापूत भूकंप होतच आहेत, आणि धरणाच्या पाण्याने घडलेल्या भूकंपांच्या अभ्यासात कोयना जगभर पहिल्या रांगेत मोजलं जातं. केंद्र सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयाने कराडला खास प्रयोगशाळा उभारली आणि गोठणे इथे ३ किलोमीटर खोल विंधनविवर खणलं. वरचे सव्वा किलोमीटर दख्खनचे लाव्हाथर, त्याखाली अतिप्राचीन ग्रॅनाइट. या विवरात ताण मोजायला जी पद्धत वापरली ती हायड्रॉलिक फ्रॅक्चरिंगच.

ती अशी असते. विवरात ठरावीक खोलीवर दोन रबरी बूच सोडतात आणि फुगवतात. दोन बुचांमधला एखाद-दोन मीटरचा तुकडा बाकी विवरापासून वेगळा होतो. त्यात पाणी भरत जायचं. दाब चढत जातो, चढत जातो, आणि एका क्षणी खडकाला बारीक तडा जाऊन एकदम खाली येतो. मग पंप बंद करायचा. दाब थोडा उतरतो आणि एका आकड्यावर रेंगाळतो. त्या आकड्याला पाणी तड्याला जेमतेम उघडं धरून असतं, म्हणजे बाहेरचा खडक तड्याला जेवढ्या जोराने मिटवू पाहतोय तेवढाच तो दाब. खडकातला सगळ्यात कमी आडवा ताण तो हाच. तडा कुठल्या दिशेने गेला ते विवराच्या भिंतीवर पाहिलं की ताणाची दिशाही मिळते. काही लिटर पाण्याचं काम, भूकंप नाही, इजा नाही. आणि हाती येतो तो आकडा, ज्याच्यावाचून रेंजलीचं गणित मांडता आलं नसतं. भूकंपाचा धोका वाढवू शकणारं तंत्र लहान प्रमाणात धोका मोजण्याचं साधन होतं, याचं मला फार मोल वाटतं. धंद्यातल्या फ्रॅकिंगमध्ये एकेका विहिरीत हजारो घनमीटर पाणी जातं, आणि फरक तिथे पडतो. त्याहूनही जास्त धोका वायू-तेलाबरोबर वर येणारं खारं सांडपाणी वर्षानुवर्षं खोल विहिरींत परत ढकलण्यात असतो. ओक्लाहोमात पॉनीजवळ सप्टेंबर २०१६ मध्ये झालेला ५.८ चा भूकंप या सांडपाण्याच्या खाती जमा आहे.

आता कारण शोधण्याची रीत. १९९३ मध्ये स्कॉट डेव्हिस आणि क्लिफ फ्रोलिक या दोघांनी सात प्रश्नांची यादी केली: असे भूकंप इथे पूर्वी होत होते का, पाणी सोडण्याच्या वेळेशी धक्क्यांची वेळ जुळते का, धक्क्यांचं ठिकाण विहिरीपासून ५ किलोमीटरच्या आत आहे का, खोली जुळते का, मध्ये पाणी वाहून नेईल अशी भेग आहे का, विहिरीच्या तळाशी दाब पुरेसा आहे का, आणि जिथे खडक सरकतो तिथे तो पुरेसा पोचतो का. हे प्रश्न डहाणूला लावून पाहण्यासारखे आहेत.

पूर्वी होत होते का? याच सह्याद्रीच्या पायथ्याच्या पट्ट्यात १९८३ मध्ये शहापूर तालुक्यात भातसा धरणाच्या परिसरात धक्क्यांची मालिका झाली होती, १९८६ मध्ये शेजारच्या वलसाड जिल्ह्यात झाली होती. म्हणजे हा पट्टा अशा मालिकांना नवखा नाही. दख्खनचे लाव्हाथर इथे पश्चिमेकडे वाकून समुद्राखाली गेले आहेत आणि त्यांच्यात उभ्या भित्ती, ज्यांना भूशास्त्रात डाइक म्हणतात, जागोजागी घुसलेल्या आहेत. अशा भित्ती पाणी अडवतातही आणि कडेकडेने खोल वाट करूनही देतात.

सुरुंगांचा प्रश्न सगळ्यात लवकर निकालात निघतो. स्फोट जमिनीला सगळ्या दिशांनी बाहेर ढकलतो, त्यामुळे भोवतालच्या प्रत्येक यंत्रावर पहिली हालचाल वरच्या बाजूला नोंदली जाते. भूकंपात भ्रंशाची एक बाजू पुढे, दुसरी मागे जाते. काही यंत्रांवर पहिली हालचाल वर, काहींवर खाली. शिवाय सुरुंग जमिनीलगत असतो आणि डहाणूचे धक्के काही किलोमीटर खोलवरून येतात. लोकांना ऐकू येणारा स्फोटासारखा आवाजही सुरुंगाचा पुरावा नव्हे. उथळ भूकंपाच्या पहिल्या लहरी जमिनीतून हवेत शिरतात तेव्हा त्यांचाच तसा गडगडाट होतो. बोअरवेलही खोलीवर मार खाते: काही शे फूट खोल, आणि त्यातून पाणी आत जात नाही, बाहेर येतं.

कुर्झे धरण अंतराच्या परीक्षेत उत्तीर्ण होतं, ते याच टापूत आहे. पण कोयनेच्या मानाने ते फारच लहान आहे आणि वर्षानुवर्षं भरत-उतरत आलेलं आहे. मग २०१८ मध्येच काय बदललं, हा प्रश्न धरणाला दोषी धरणाऱ्याने सोडवावा लागतो. मोसमी पावसाच्या बाबतीत पेच वेगळा आहे. पाऊस तर दरवर्षीच पडतो, आणि धक्के पावसाळ्यानंतर सुरू झाले तरी पुढे उन्हाळ्यातही थांबले नाहीत. पाणी खोल जायला वेळ लागतो, त्यामुळे एवढ्यावरून पाऊस निर्दोष ठरत नाही.

तो वेळ मोजता येतो. दाब खडकातून किती पुढे सरकला याचं सूत्र साधं आहे: खडकाची दाब पसरवण्याची क्षमता आणि लोटलेला काळ यांचा गुणाकार, त्याला १२.६ ने गुणायचं आणि वर्गमूळ काढायचं. भेगाळ खडकात ही क्षमता सेकंदाला ०.१ ते १० चौरस मीटर यांच्या दरम्यान धरतात. १ धरली तर ३० दिवसांत दाब ५.७ किलोमीटर पोचतो, वर्षात सुमारे २०. तीच ०.१ धरली तर महिन्यात १.८ किलोमीटर, वर्षात ६.३. म्हणजे जूनमध्ये मुरलेल्या पाण्याचा परिणाम दिवाळीनंतर ५-६ किलोमीटर खोल दिसणं गणितात बसतं. पाण्याचा प्रत्येक थेंब तिथवर जात नाही, दाब जातो. हे गणित तपासायचं तर धक्क्यांची ठिकाणं पाहायची. मालिका पाण्याच्या दाबाने चालली असेल तर धक्के एका जागेपासून दिवसांमागून दिवस बाहेर पसरत जाताना दिसतात, आणि त्या पसरण्याच्या वेगावरूनच ही क्षमता उलटी काढता येते.

पण त्यासाठी धक्का नेमका कुठे झाला ते कळलं पाहिजे. सुरुवातीला जवळ यंत्रंच नव्हती. दूरच्या केंद्रांवरून छोट्या भूकंपाची खोली धड निघत नाही, म्हणून बातम्यांत ती अनेकदा ५ किंवा १० किलोमीटर अशी ठोकळ असते. २०१९ च्या जानेवारीत हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने या परिसरात यंत्रं बसवली आणि चित्र पालटलं. जवळच्या यंत्रावर पहिली लहर आणि दुसरी, जास्त हलवणारी लहर यांच्यात जितके सेकंद जातात त्यांना ८ ने गुणलं की धक्क्याचं अंतर किलोमीटरमध्ये मिळतं. धुंदलवाडीत बसलेल्या माणसालाही हे करता येतं: आधी गडगड, मग एखाद्या सेकंदाने हादरा, म्हणजे भूकंप साताठ किलोमीटरवर, बहुधा पायाखालीच.

यापुढचा प्रश्न सगळ्यात अवघड: यातून किती मोठा भूकंप होऊ शकतो?

फ्रॅकिंगवाल्यांकडे एक आधार होता. आर्थर मॅकगार यांनी २०१४ मध्ये मांडलं की भूकंपाची वरची मर्यादा आत सोडलेल्या पाण्याच्या प्रमाणात असते. हिशेब केला तर १०,००० घनमीटर पाण्याला साधारण ३.६ ची, ४०,००० घनमीटरला ४ ची मर्यादा येते. बऱ्याच ठिकाणी हे जुळलं. मग १५ नोव्हेंबर २०१७ ला दक्षिण कोरियात पोहांग इथे, भूगर्भातली उष्णता काढण्याच्या प्रकल्पाजवळ, ५.५ चा भूकंप झाला. आत राहिलेलं निव्वळ पाणी ६,००० घनमीटरच्या आत होतं, सूत्राप्रमाणे साडेतीनच्या आसपास थांबायला हवं होतं. पाण्याने सुरुवात केली, पण खालचा मोठा भ्रंश आधीच ताणलेला होता आणि एकदा सुटल्यावर तो पाण्याच्या हद्दीबाहेरही फाटत गेला. म्हणून आज शहाणा अभ्यासक पाण्याच्या आकड्यावर भिस्त ठेवत नाही. भ्रंश किती लांब आहे आणि किती ताणलेला आहे ते विचारतो. डहाणूत तर पाणी किती शिरलं हे मोजणारं मीटरच नाही, तेव्हा तिथे हा दुसरा प्रश्नच खरा.

दुसरा आधार मोजणीचा. भूकंपांत एक रिश्टर वर गेलं की संख्या साधारण दहापट घटते: दोनच्या वरचे १,००० झाले तर तीनच्या वरचे १००, चारच्या वरचे १०. मालिकेत ही घट नेहमीपेक्षा मंदावली, म्हणजे मोठ्या धक्क्यांचा वाटा वाढत चालला, तर जपून राहायचं. आणि एक समज इथे ठामपणे खोडायला हवा, कारण पुढारी, अधिकारी, शिक्षक सगळेच धीर देताना तो सांगतात: छोट्या धक्क्यांनी ऊर्जा निघून जाते, आता मोठा होणार नाही. एक रिश्टर वाढला की ऊर्जा सुमारे ३२ पट होते. पाचच्या एका भूकंपाची ऊर्जा संपवायला तीनचे १,००० धक्के लागतील, दोनचे ३० हजारांवर. सहाच्या भूकंपाचा हिशेब मांडण्यातही अर्थ नाही.

किल्लारीचा इतिहास इथे आठवावाच लागतो. १९९२ च्या ऑक्टोबरात तिथे धक्क्यांची मालिका झाली, त्यांतला एक चारच्या आसपास होता. लोक घाबरले, बाहेर झोपले, मालिका थांबली, लोक घरात परतले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप आला आणि दगडमातीच्या जाड भिंती अन्‌ वरचं माळवद झोपेतल्या माणसांवर कोसळलं. सुमारे आठ हजार माणसं गेली. बहुतेक मालिका मोठ्या भूकंपाविनाच विरतात हे खरं आहे. डहाणूची किल्लारी होईल असं यातून निघत नाही. पण होणार नाही असं म्हणायलाही आधार नाही, आणि धोक्याचं मोजमाप करणाऱ्याने एवढं प्रामाणिकपणे सांगावं.

फ्रॅकिंगमध्ये धोका हाताळण्याचं मुख्य साधन म्हणजे सिग्नल. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात फॉक्स क्रीकच्या भागात २०१५ पासून नियम आहे: विहिरीच्या ५ किलोमीटरच्या आत दोनचा धक्का झाला तर पिवळा, कंपनीने कळवायचं आणि दाब-पाणी कमी करण्याची आपली योजना अमलात आणायची, चारचा झाला तर लाल, काम बंद. इंग्लंडने लाल दिवा ०.५ लाच लावला, माणसाला जाणवतही नाही इतक्या खाली. कारण तिथे घरं जवळ होती आणि लोकांचा विश्वास पातळ. तरीही लँकेशायरमध्ये प्रेस्टन न्यू रोडच्या विहिरीवर २६ ऑगस्ट २०१९ ला २.९ चा धक्का बसला, तोही पंप बंद असताना. नोव्हेंबरात सरकारने इंग्लंडभर फ्रॅकिंगला स्थगिती दिली. स्वित्झर्लंडमध्ये बाझेलला २००६ च्या डिसेंबरात असंच झालं: धक्के वाढल्यावर पाणी थांबवलं आणि काही तासांनी ३.४ चा आला. डेन्व्हरला वर्ष लागलं होतं, इथे तास. पंप बंद केला तरी आत गेलेला दाब पसरतच राहतो आणि विहिरीपासून दूरच्या, मोठ्या भ्रंशाला जाऊन भिडू शकतो. म्हणून लाल दिव्याचा आकडा नको असलेल्या भूकंपाच्या बराच खाली ठेवावा लागतो, निदान दीड-दोन रिश्टरने.

डहाणूत हा सगळा सिग्नल लटका पडतो, कारण बंद करायला पंप नाही. कोयनेतसुद्धा थोडं हातात असतं. हर्ष गुप्ता यांनी दाखवून दिलं होतं की आठवड्यात पाणी १२ मीटरच्या वर चढलं तेव्हा पाचच्या वरच्या भूकंपांची शक्यता वाढली, म्हणजे धरण हळू भरणं हा निदान एक उपाय म्हणून विचारात घेता येतो. डहाणू-तलासरीत पाऊस आणि खोल भेगा यांच्यावर कुणाची सत्ता नाही.

तरी धोक्याचे तीन भाग असतात: जमीन किती हलेल, त्या टापूत कोण आणि काय आहे, आणि जे आहे ते किती लवकर मोडेल. फ्रॅकिंगवाले पहिल्या भागावर सगळी शक्ती लावतात कारण तो त्यांच्या हातात असतो. आपल्या हातात तिसरा आहे. आणि खरं सांगायचं तर जीव जातात ते तिसऱ्यामुळेच. ३.८ चा धक्का उघड्या शेतात कुणाला मारत नाही.

दुसऱ्या भागावर धावती नजर: डहाणूत औष्णिक वीजकेंद्र आहे, दक्षिणेला तारापूरचं अणुवीजकेंद्र, मधून पश्चिम रेल्वे आणि मुंबई-अहमदाबाद महामार्ग. या मोठ्या बांधकामांचे आराखडे भूकंपाचा हिशेब धरून होतात, त्यांना अभियंते आहेत. भारतीय मानकाच्या ज्या नकाशाने हा भाग मालिकेच्या वेळी तिसऱ्या क्षेत्रात, म्हणजे मध्यम धोक्यात, धरला होता, तो त्यांच्यासाठी वाचला जातो. पाड्यावरच्या घरासाठी तो कुणी वाचत नाही.

त्या घराकडे बघू. वारल्यांचं जुनं घर कारवीच्या कुडाचं, वर शेणमातीचा गिलावा, लाकडी खांबांवर हलकं छप्पर. हादऱ्यात ते करकरतं, गिलाव्याचे पापुद्रे पडतात, पण सांगाडा डोलून जागेवर येतो आणि भिंत पडली तरी तिचं वजन जीवघेणं नसतं. त्याच्या जागी आलेलं विटांचं पक्कं घर दिसायला भक्कम, पण वीट मातीत किंवा जेमतेम सिमेंटात बसवलेली, चार भिंती कोपऱ्यात एकमेकींना नीट बांधलेल्या नाहीत, खिडकी-दरवाजावरून घरभर फिरणारा काँक्रीटचा पट्टा नाही. जमीन आडवी हलली की प्रत्येक भिंत वेगळी हलते. आधी कोपऱ्यात उभी चीर जाते, मग खिडकीच्या कोपऱ्यांतून तिरक्या चिरा, आणि आढ्याखालचा त्रिकोणी भाग, ज्याला वर कशाचाच आधार नसतो, तो बाहेर किंवा आत कोसळतो. एका धक्क्यात हे होत नाही. मालिकेत दर धक्क्याला चीर थोडी रुंदावते, आणि महिन्यांनंतर तीनचा धक्का ते करतो जे पहिल्या दिवशी चारच्याने केलं नसतं. म्हणून मालिकेच्या गावात घरांची पाहणी एकदा करून भागत नाही. चिरेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने खूण करून, तारीख लिहून, दर महिन्याला अंतर मोजलं तरी घर कुठे चाललंय ते कळतं.

दुरुस्ती अवघड नाही. दरवाजा-खिडकीच्या वरच्या पातळीवर भिंतीचा गिलावा हातभर रुंद पट्ट्यात खरवडायचा, तारेची वेल्ड जाळी आतून-बाहेरून खिळ्यांनी ठोकायची, दोन्ही जाळ्या भिंतीतून आरपार तारेने जोडायच्या, कोपऱ्यावरून न तोडता वळवायच्या आणि वर एकास तीनचं सिमेंट लावायचं. घराला कमरपट्टा मिळतो. चारी कोपऱ्यांत अशीच उभी जाळी. त्रिकोणी भिंत उतरवून तिथे पत्रा किंवा कूड. वासे भिंतीवर नुसते टेकलेले असतील तर पट्टीने बांधून घ्यायचे, कौलं तारेने अडकवायची. गवंडी गावातलाच असतो, त्याला दोन दिवस दाखवलं की जमतं. नवं घरकुल बांधताना हे पट्टे सुरुवातीलाच घातले तर खर्च आणखी कमी. सरकारी घरकुलाचा हप्ता सोडण्याआधी अभियंता पाया आणि स्लॅब तपासतो, तसाच पट्टा तपासावा आणि त्याशिवाय हप्ता सोडू नये, इतकी अट या दोन तालुक्यांत घालणं मला अत्यावश्यक वाटतं. आश्रमशाळांचा क्रम सगळ्यांच्या आधी यावा, कारण तिथे शेकडो मुलं रात्री एका छपराखाली झोपतात.

आणि सिग्नल इथेही लावता येईल, फक्त त्याचा अर्थ बदलून. विहिरीवरच्या सिग्नलने पंपवाल्याला सांगायचं असतं, इथल्याने ग्रामपंचायतीला आणि तलाठ्याला. आकडा रिश्टरचा न धरता गावातल्या यंत्रावर जमीन प्रत्यक्ष किती हलली त्याचा धरावा, कारण ४ किलोमीटर खोलचा साडेतीनचा धक्का १५ किलोमीटर खोलच्या चारच्या धक्क्याहून घराला जास्त लागू शकतो. पिवळा लागला की दोन दिवसांत चिरांच्या खुणा पाहायच्या आणि ज्या घरात चीर वाढली त्या कुटुंबाला दुसरीकडे झोपायला जागा द्यायची. लाल लागला की पाहणी होईपर्यंत शाळा मंडपात. धक्का चालू असताना मात्र धावायचं नाही. ज्याचं दार दोन पावलांवर आणि मोकळं आहे त्यानेच बाहेर पडावं, बाकीच्यांनी डोकं झाकून पलंगाशेजारी किंवा भक्कम टेबलाखाली बसावं, त्रिकोणी भिंतीपासून लांब. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाने इथे सरावही घेतले. ते दरवर्षी भातकापणीनंतर, लोक गावी असताना आणि घराघरात वारलीत बोलून घेतले, तर आज्यांपर्यंत आणि लहान मुलांपर्यंत पोचतील.